बाप्तिस्म्यानंतरची चोवीस वर्षे

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे नाव काढले की मराठी वाचकाला चटकन दोन गोष्टी आठवतात. एक म्हणजे 'केवढे हे क्रौर्य' ही शाळेत पाठ केलेली कविता आणि दुसरी म्हणजे लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे'. ख्रिस्ती घरात वाढलेल्यांना तिसरी गोष्टही आठवते. रविवारच्या उपासनेत ज्या भजनांवर आपण मोठे झालो, त्यांतली कितीतरी याच माणसाची. पण टिळकांचे चरित्र सांगायची वेळ आली, की ख्रिस्ती असोत वा हिंदू, सगळ्यांची गाडी एकाच स्टेशनात येऊन थांबते. तारीख १० फेब्रुवारी १८९५. चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचा पंडित, कवी आणि कीर्तनकार ख्रिस्ती झाला, तो हा दिवस. कोणी त्या दिवसाचा अभिमान बाळगतो, कोणी विषाद. माझी तक्रार एवढीच आहे की त्या दिवसानंतर टिळक चोवीस वर्षे आणि तीन महिने जगले, त्या काळाकडे कोणी फारसे पाहत नाही.

मंडळीतल्या तरुण मुलामुलींसमोर बोलायला मला अधूनमधून बोलावणे येते. निवृत्त बँक अधिकारी, त्यातून कादंबऱ्या लिहिणारा. हा आपल्याला विश्वासाबद्दल काय सांगणार, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसतो आणि तो रास्तच असतो. मुले हुशार असतात. कार्यक्रम संपल्यावर, चहाच्या वेळी, जे मघाशी सर्वांसमोर विचारले नाही ते विचारतात. बाप्तिस्मा लहानपणीच झाला, दृढीकरणही झाले, रविवार सहसा चुकत नाही. पण सोमवारपासून शनिवारपर्यंत आपल्यात आणि शेजारच्या बाकावरच्या मुलात काहीच फरक नसतो. मग आपण ख्रिस्ती म्हणजे नेमके काय? आणि पुढे काय करायचे?

या प्रश्नाला माझ्याकडे बँकेतलेच उत्तर आहे. खाते उघडणे हे अर्ध्या तासाचे काम. फॉर्म, फोटो, सही, झाले. पण दोन वर्षे त्यात काही व्यवहारच झाला नाही, तर त्या खात्यावर निष्क्रिय असा शिक्का बसतो. खाते बंद झालेले नसते. पैसे बुडालेले नसतात. नाव तसेच असते. फक्त जाग नसते. माझी बँकेतली तीस-बत्तीस वर्षे असली खाती जागी करण्यात बरीच गेली, म्हणून टिळकांचे चरित्र वाचताना माझी नजर खाते उघडल्याच्या तारखेपेक्षा पुढच्या नोंदींवर जास्त जाते.

त्या नोंदी वाचण्यासाठी थोडे मागे जायला हवे. टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. वडील सरकारी नोकरीत आणि स्वभावाने कडक. मायेचा ओलावा मिळाला तो आईकडून, आणि ती आई मुलगा अकरा-बारा वर्षांचा असतानाच गेली. त्यानंतर पोराने घर सोडले आणि नाशिक गाठले. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्यासारख्या विद्वानाकडे संस्कृतचे शिक्षण झाले, थोडे इंग्रजीही झाले. १८८० च्या सुमारास नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका ही अकरा-बारा वर्षांची मुलगी बायको म्हणून घरात आली. तीच लक्ष्मीबाई. पुढची दहा-बारा वर्षे म्हणजे नुसती पायपीट. आज या गावी मास्तरकी, उद्या त्या गावी कीर्तन, परवा आणखी काही. बुद्धी अफाट, पण बूड स्थिर नाही. हातात पैसा आला की समोर जो गरजू दिसेल त्याच्या हातावर तो ठेवायचा आणि घरी बायकोने चूल कशी पेटवायची याचा विचारच करायचा नाही. १८९१ च्या सुमारास नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ग्रंथसंपादनाचे काम मिळाले, 'ऋषी' नावाचे मासिकही टिळकांनी काढले. डोक्यात मात्र एकच प्रश्न घुमत होता. जातीपातींनी चिरफळ्या उडालेला हा देश एकत्र आणील असा धर्म कोणता?

अशा मनःस्थितीत १८९३ च्या सुमारास ते नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले. डब्यात एक गोरा गृहस्थ होता. त्याने जागा करून दिली, कवितेच्या आणि संस्कृत वाङ्मयाच्या गप्पा निघाल्या, आणि उतरताना त्याने टिळकांच्या हाती नव्या कराराची प्रत ठेवली. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळकांना ते अर्थातच पटले नाही. पण पुस्तक वाचीन असा शब्द त्यांनी दिला होता.

ही गोष्ट सांगताना लोक त्या भाकितावर भर देतात, कारण भाकितात चमत्कार आहे. मला महत्त्वाचा वाटतो तो दिलेला शब्द. पुस्तक फारसे आवडत नसतानाही त्यांनी ते पहिल्या पानापासून वाचायला घेतले. हातात पेन्सिल घेऊन, लक्षात ठेवण्याजोग्या जागांवर खुणा करत ते पुढे सरकत राहिले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी आल्यावर त्यांना पुस्तक खाली ठेववेना. म्हणजे आधी शब्द पाळणे आले, गोडी मागाहून लागली. तरुणांना मी हे आवर्जून सांगतो. मन लागत नाही म्हणून वाचन सोडणारे पुष्कळ असतात. टिळकांचे मन वाचता वाचता लागले.

मग मिशनऱ्यांशी गुपचूप पत्रव्यवहार, शंकांची देवाणघेवाण, आणि अखेर मुंबईत भायखळ्याच्या अमेरिकन मिशनच्या मंदिरात बाप्तिस्मा. तोही भारतीय पाळकाच्या हातून घ्यायचा, हा टिळकांचा आग्रह होता. येशूचा शिष्य होईन, पण साहेब होणार नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवले होते असे म्हणायला हरकत नाही.

आता खरी परीक्षा सुरू झाली, आणि ती ना चर्चमध्ये होती ना सभेत. ती होती घरात. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. त्या लहानग्या दत्तूला घेऊन माहेरच्या माणसांच्या आधाराने राहिल्या, काही काळ पंढरपुरात राहिल्या. नवरा जिवंत आहे, पण त्याच्या हातचे पाणी चालत नाही. समाजाच्या लेखी ही बाई ना सवाशीण, ना विधवा. सुमारे पाच वर्षे हा वनवास चालला.

इथे एक बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे. १८६६ साली इंग्रज सरकारने एक कायदा केला होता. धर्मांतरामुळे ज्याच्या जोडीदाराने संबंध तोडला आहे, त्याला कोर्टात जाऊन विवाह रद्द करून घेण्याची सोय त्यात होती. टिळक त्या वाटेला गेले नाहीत. त्यांनी पत्रे पाठवली. कविता पाठवल्या. वाट पाहिली. ज्यांचा स्वभाव क्षणात पेटणारा, ज्यांनी आयुष्यात कधी एका नोकरीत धीर धरला नाही, ते टिळक एका माणसासाठी पाच वर्षे थांबले. बाप्तिस्म्याने त्यांचा स्वभाव एका रात्रीत बदलला नव्हता; लक्ष्मीबाईंनी तो पुढेही कसा होता हे काही झाकून ठेवलेले नाही. पण जिथे बदलायलाच हवा होता, तिथे तो रोज थोडा थोडा वाकत गेला.

लक्ष्मीबाई परत आल्या त्याही आपले सोवळे घेऊन. टिळकांनी ते चालवून घेतले. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, तर वेगळे. धर्मासाठी घर सोडलेल्या माणसाने आपल्याच घरात बायकोचा जुना धर्म सांभाळू द्यावा, ही गोष्ट लहान नाही. त्यांच्या नव्या सहकाऱ्यांपैकी काहींच्या भुवया नक्कीच उंचावल्या असतील. परंतु बळजबरीने माणूस घरात आणता येतो, विश्वासात आणता येत नाही, हे टिळकांना कळले होते. लक्ष्मीबाईंचे सोवळे सुटले ते कोणाच्या उपदेशाने नव्हे. एकदा एकटीच विचार करत बसलेली असताना, देवाने माणसे केली आणि जाती माणसांनी, हे त्या बाईला तिचे तिलाच उमगले, आणि त्या दिवसापासून तिने कोणाच्याही हातचे पाणी प्यायला सुरुवात केली. १९०० साली तिने बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या शिष्यत्वाची पहिली मोठी जमा मला विचाराल तर ही आहे, आणि ती त्यांनी काही न केल्यामुळे झालेली आहे. ते नुसते थांबले.

टिळकांचे मुख्य कार्यक्षेत्र अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर. तिथे डॉ. ह्यूम यांच्यासारख्या मिशनऱ्यांच्या सोबतीने त्यांनी धर्मोपदेशक तयार करणाऱ्या विद्यालयात शिकवले. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून त्यांनी 'ज्ञानोदय'चा मराठी विभाग सांभाळला. हा तपशील कोणत्याही कोशात मिळेल. पण त्यांचा नित्यक्रम काय होता, हे पाहायला 'स्मृतिचित्रे'च उघडावी लागतात. घर कायम माणसांनी भरलेले. दुष्काळात उघडी पडलेली पोरे घरात, विद्यार्थी घरात, आजारी घरात. प्लेग आला तेव्हा हे दोघे नवराबायको रोगट छावणीत जाऊन राबले. बंगल्यात बसून प्रीतीवर व्याख्यान देणे सोपे असते. त्यांनी त्या शब्दाला जेवणाच्या ताटांचा आणि आजाऱ्यांच्या उशाशी केलेल्या जागरणांचा हिशेब जोडला.

त्या भरल्या घरात एक तरुण येऊन राहिला होता. त्र्यंबक बापूजी ठोंबरे. जळगावच्या १९०७ च्या कविसंमेलनात बालकवी ही पदवी मिळालेला हा सतरा वर्षांचा मुलगा टिळकांच्या घरी नगरला मुलासारखा राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याला आईची माया दिली, टिळकांनी कवितेचे वळण दिले. त्याला ख्रिस्ती करण्याचा प्रयत्न झाला का? बालकवी हिंदूच राहिले. १९१८ च्या मे महिन्यात भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली त्यांचा अंत झाला, तेव्हा टिळकांच्या घराने पोटचे मूल गेल्याचे दुःख केले. साक्ष देणे म्हणजे समोरच्याचे मत बदलणे, अशी ज्या तरुणांची समजूत असते, त्यांना मी या घराची गोष्ट सांगतो. त्या मुलाला तिथे आधी जेवण मिळाले, आसरा मिळाला आणि त्याची कविता ऐकणारा कान मिळाला. साक्ष झाली ती एवढीच.

आता भजनांविषयी. टिळक आले तेव्हा मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतून बरीचशी गीते इंग्रजी चालींवर बसवलेली असत. शब्द मराठी, चाल परकी, आणि मात्रा ओढाताण करून जमवलेल्या. नांगर धरणाऱ्या, चाक फिरवणाऱ्या, शेण सारवणाऱ्या माणसांना ती रविवारी म्हणता येत, सोमवारी आठवत नसत. टिळकांनी अभंग, ओवी, पदे आणि कीर्तन यांची वाट धरली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, ही त्यांची भावना प्रसिद्ध आहे. त्यांच्या गीतांत येशू गुरू आहे, माउली आहे, सखा आहे. जात्यावर, वाटेने, गोठ्यात म्हणता येईल असे काही त्यांनी मंडळीला दिले. 'उपासना संगीत' आजही उघडून पाहावे. पानोपानी हा माणूस भेटतो.

माझी आजी निरक्षर होती. तिला शास्त्रवचने वाचता येत नव्हती, पण टिळकांची भजने तिला तोंडपाठ होती आणि पहाटे चुलीपुढे ती गुणगुणत असे. रविवार आणि सोमवार यांच्यातली भिंत तिच्या आयुष्यात नव्हती, याचे श्रेय मी पुष्कळसे टिळकांना देतो. आपल्या मातीत वारकरी ज्याला नित्यनेम म्हणतो, तोच त्यांनी ख्रिस्ती घरात आणला. शिष्य हा शब्द आपण मराठीत फार सहज वापरतो, पण गुरूच्या घरी शिष्य रोज राहतो, आठवड्यातून एकदा भेटायला जात नाही, हे विसरतो.

चरित्र इथेच संपते तर टिळक एक मान्यवर पाळक आणि थोर कवी म्हणून सुखाने निवृत्त झाले असते. तसे झाले नाही. १९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनचे काम आणि पगार सोडला. एक प्रकारचा संन्यासच तो. साताऱ्याला बिऱ्हाड हलवले आणि 'देवाचा दरबार' नावाची कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, पण येशूला गुरू मानून त्याच्या मार्गाने चालू इच्छिणारे सगळे जिथे भाऊबहिणी म्हणून एकत्र येतील, असा तो मेळा. परदेशी पैशावर आणि परदेशी व्यवस्थेवर उभी असलेली मंडळी स्वतःच्या पायांवर कधी उभी राहणार, हा सल त्यामागे होता. मिशनरी मित्रांशी त्यांचे भांडण नव्हते. पण पगार घेणारा नोकर आणि गुरूमागे चालणारा शिष्य यांत कुठेतरी अंतर पडते आहे, असे त्यांना वाटू लागले होते.

मी आयुष्यभर पगारावर जगलेला माणूस. पंचावन्नाव्या वर्षी माणूस भविष्यनिर्वाह निधीची बेरीज करतो, राजीनामा लिहीत नाही. म्हणून हा प्रसंग मला जितका थोर वाटतो तितकाच अस्वस्थ करतो, कारण त्या संन्याशाला संसार होता. घर चालवायचे होते लक्ष्मीबाईंना. नवऱ्याच्या त्यागाची किंमत पुष्कळदा बायकोच्या डब्यातल्या पिठाने चुकती होते, हे 'स्मृतिचित्रे' हसत हसत सांगतात, पण ते हसू सोपे नाही. तरुणांना टिळकांचे चरित्र सांगताना हा भाग गाळू नये, असे माझे मत आहे. विश्वासाच्या भरात आपण जे ओझे उचलतो, त्याचे दुसरे टोक कोणाच्या खांद्यावर आहे, हे पाहणे हाही शिष्यत्वाचाच भाग आहे. टिळकांना ते नेहमी साधले नाही. लक्ष्मीबाईंना साधले, आणि म्हणून त्या घराचा हिशेब जुळला.

दरबार फार काळ टिकला नाही. प्रकृती ढासळत गेली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे देहावसान झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाला अग्नी देण्यात आला आणि अस्थी नगरला नेण्यात आल्या. ख्रिस्ती पाळकाने दहन मागावे, हे त्या काळी अनेकांना चमत्कारिक वाटले असणार. पण आपल्या माणसांत, आपल्या रीतीने, आपल्या गुरूचे व्हायचे, हा भायखळ्यातला पहिल्या दिवसाचा निश्चय त्यांनी शेवटच्या दिवशीही मोडला नाही.

जमाखर्च मांडला तर दरबार खर्ची पडला असे कोणी म्हणेल. पण एक नोंद राहिली आहे. टिळकांनी येशूचे चरित्र ओवीबद्ध करायला घेतले होते, 'ख्रिस्तायन'. सुरुवातीचे दहा-अकरा अध्याय झाले आणि ते गेले. पोथी अर्धवट राहिली. ती पुढे नेली लक्ष्मीबाईंनी. लग्न होऊन आल्या तेव्हा ज्यांना अक्षरओळखही धड नव्हती आणि ज्यांना टिळकांनीच वाचायला शिकवले, त्या बाईंनी म्हातारपणी साठांहून अधिक अध्याय लिहिले. १९३६ च्या फेब्रुवारीत त्या गेल्या, आणि शेवटचा राहिलेला भाग मुलाने, देवदत्तांनी, पुरा केला. १९३८ साली ग्रंथ छापून आला. नवऱ्याने सुरू केलेले बायकोने वाढवले, आईने ठेवलेले मुलाने संपवले. याच लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाली आणि मराठी आत्मचरित्राला तिने नवी वाट दिली.

चहाच्या वेळी प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलामुलींना मी मोठे काही करायला सांगत नाही. पंचावन्नाव्या वर्षीचा राजीनामा विसाव्या वर्षी लिहायची गरज नसते. टिळकांनीही सुरुवात केली ती अनोळखी माणसाला दिलेला शब्द पाळण्यापासून. रोज एक पान वाचा, पेन्सिल हाती घेऊन वाचा, न पटलेल्या ओळीलाही खूण करा. घरात जो सर्वांत जास्त विरोध करतो, त्याच्यासाठी थांबायला शिका. आठवड्यातून एकदा तरी आपल्या ताटातले कोणाला वाढा, आणि त्याने आपल्यासारखे व्हावे अशी अट घालू नका. एवढे वर्षभर करून पाहा. मग पुढे काय, हा प्रश्न मला विचारायला तुम्ही बहुधा येणार नाही. आलात तर चहा आहेच.